तासाचे किती?

स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या पावत्यांच्या पाठीवर
मी आकडा लिहिते, खोडते.
पंचेचाळीस पौंड. खोडते. अडतीस.
बाहेर कार्डिगनच्या आखातावरून वारा येतो.
याच खाऱ्या वाऱ्यानं गंजतात वेल्समधल्या तारा,
म्हणजे माझं पोट त्याच्यावरच,
पण वाऱ्याकडे थकबाकी मागता येत नाही.

ट्रेगॅरॉन अठरा मैल. यायचे पुन्हा अठरा.
हे कुणाच्या तासात?
हातोड्यांचं फेल्ट, पिना, सरस, व्हॅनचा विमा,
उजवा खांदा, जो हल्ली रात्री बोलतो,
आणि कानातली बारीक शिट्टी,
जी कुठल्याच स्वरात बसत नाही,
हे कुठल्या रकान्यात?

एमलिननं मला किल्ली धरायला शिकवलं.
म्हणायचा, "चॅपलकडून काय वाढवून घ्यायचं!"
वीस वर्षं एकच दर. गेला तेव्हा
शवपेटीसाठी चॅपलनंच वर्गणी काढली.
सगळे रडले.
पियानो सुरात होता.

परवा बॉयलर बिघडला. पंचविशीतला मुलगा आला,
चाळीस मिनिटं, एक वॉशर, नव्वद पौंड.
मी निमूट दिले. वर चहा.
आणि एलुनेड प्रॉसरबाईंकडे अडीच तास
मी पालथी पडून पेडलमधली करकर शोधली
(निघाला एक दुधाचा दात, कुणाचा ते त्यांनाही आठवेना),
त्यांनी पर्स उघडून विचारलं, "किती झाले?"
तर जीभ अशी आखडली
जणू मीच त्यांचं देणं लागते.

स्वर लावताना एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही:
एकही पंचम पुरता शुद्ध ठेवत नाही मी.
प्रत्येकातून केसभर चोरते,
नाहीतर सगळी खोट एकाच जागी साठते
आणि तिथे जे ओरडतं
त्याला आमच्या धंद्यात लांडगाच म्हणतात.
इतकी वर्षं सगळ्यांचे पंचम शुद्ध ठेवले.
लांडगा माझ्या घरी पाळला.

बावन्न. पेट्रोल वेगळं.
शाई वाळायच्या आत फोन वाजतो,
आबेराएरॉनची कुणी हॉटेलवाली.
"तासाचे किती?"
सांगते. आवाज थोडा चढा लागतो, पण लागतो.
पलीकडे शांतता.
मी ऐकत राहते,
दोन तारांमधली लहर मंदावताना ऐकते तशी,
हात किल्लीवर नसताना.

"मंगळवारी या," ती म्हणते. "कुत्रा चावतो."

पावतीच्या पाठीवर, खोडलेल्या आकड्यांखाली लिहिते:
मंगळवार. कुत्रा.