फोटोतली होडी

ग्रंथालयाच्या तासाला हजर: एकवीस.
पंख्याने हजेरीपट उडतो, म्हणून त्यावर
जुनं गॅझेटिअर ठेवते मी.
त्याचा तेवढा तरी उपयोग.

फळ्यावर लिहिलं: कोण सांगतंय? कधीचं? कशावरून?
चौथा प्रश्न लिहिताना खडू मोडला
आणि पाठीमागे फोन थरथरायला लागले,
एकामागून एक.

"मॅडम, आज रात्री मालवणात लाट घुसणार. फोटो इलो."
धक्क्यावर चढलेलं पाणी, खाली लाल बाण,
'वेळ घालवू नका, पुढे पाठवा.'
दोघी उठल्याच. एकीचं घर बंदरालगत,
दुसरीची आई तिथेच सुकी मासळी घेऊन बसते.

थांबा, म्हटलं. हवामान खात्याचं पान उघडू.
गोल फिरत राहिलं, फिरतच राहिलं.
मेसेज पोचतो इथे, खातं पोचत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा लवेश मेतर
(रजिस्टरात ज्याचं पान वर्षभर कोरं)
फोटो दोन बोटांनी ताणत म्हणाला,
"होडी आमची न्हय, मॅडम. नाळ बघा केदी उंच.
आणि जुलैत बंदरात होडी खंय?"

खरंच की. रोज त्याच वाटेने येते मी,
वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या
होड्यांच्या रांगेला वळसा घालून.
बघितलं होतं. वाचलं नव्हतं.

"मग कुठला हा फोटो?"
"तां माका म्हायत नाय," तो म्हणाला,
सरळ, खांदेही न उडवता.
खडूच्या तुकड्याने मी चौथी ओळ पुरी केली:
मला काय माहीत नाही?

"पण मॅडम, हे प्रश्न काढले कोणी?"
उठलेल्यांपैकी एक अजून उभीच होती.
कोल्हापूरचं शिबिर, सायक्लोस्टाईल कागद,
साल आठवेना. नाव तर त्यावर नव्हतंच.
सांगितलं तसंच. वर्ग हसला,
मीही, जरा उशिराने.

संध्याकाळी तरी बंदरावर गेलेच.
पाणी रोजच्या जागी, गढूळ, आपल्या कामात.
सुकटवाल्या बाईने प्लास्टिक आवरत विचारलं,
"तुमकाय इलो मेसेज?"
आला, म्हटलं. तुम्ही काय केलंत?
"भावाक धाडलंय. तो रवता पुण्याक."
मग पाण्याकडे न बघताच म्हणाली,
भरतीला अजून तासभर आहे.
मी विचारलं, कशावरून?
तिने माझ्याकडे असं पाहिलं,
की पाव किलो जवळा घेऊन
मी गुपचूप तिच्या शेजारी बसले.