तिसरी तार

रात्री अडीचला छताला टिवटिव.
पाखरू नव्हे, धुराचा पहारेकरी.
पाठीवर तारीख छापलेली : दहा वर्षं झाली, बदला.
फय्याज म्हणाला, "मावशी, गुरुवारी येतो की."
तीन गुरुवार गेले.

मग मीच चढले स्टुलावर.
कमरेला पेचकस, दातांत काळी चिकटपट्टी.
मेन स्विच पाडलेला.
टेस्टर लावला, दिवा नाही.
खाली उतरून स्विच पुन्हा बघून आले,
वर जाऊन पुन्हा टेस्टर.
भित्र्या माणसानंच विजेचं काम करावं.

तांबडी तांबडीला. काळी काळीला.
तिसरी पिवळी. ती करंट देत नाही,
निरोप नेते नुसता :
एका खोलीत धूर झाला
की तिन्ही खोल्यांनी बोंब मारायची.

मला वास येत नाही.
एका तापात गेला, तो आलाच नाही परत.
दूध करपून भांडं काळं झालं
आणि मी हातभरावर शेंगा फोडत बसलेली.
तेव्हा मन्मथ पुण्याहून लातूरला आला, हे तीन लावले.
"आई, ही तुझी नाकं."
हल्ली फोनवर विचारतो, जेवलीस का. तेवढंच.

स्विच वर केला.
कढईत तेल, देठासकट पाच लाल मिरच्या.
वास नाही. डोळ्यांना धार तेवढी लागली.
मग स्वयंपाकघर ओरडलं,
पाठोपाठ बैठक,
पाठोपाठ मन्मथची बंद खोली.

तिचं दार उघडून उभी राहिले.
गप्प करायची घाई केली नाही.