जन्मस्थळाचा रकाना

पाँता देल्गादा विमानतळ, काउंटर चार.
टोरोंटोचं विमान तीन वाजून पाच मिनिटांनी.
मी पासपोर्ट यंत्रावर सरकवतो,
यंत्र हिरवं होतं किंवा होत नाही.
माझं काम एवढंच, वर थोडं हसायचं.

आधी एक पोरगा आला, ब्रेमेनचा, दाढी कोवळी.
आम्हाला व्हिसा लागत नाही ना, म्हणाला.
नाही लागत. पण विमानानं जाणाऱ्याला
आधी एक परवानगी काढावी लागते, ऑनलाइन.
तो बाजूला झाला, बॅकपॅकवरच बसला,
सात डॉलर भरले,
नाव, नंबर, क्षय झाला होता का, नाही,
आणि चार मिनिटांत फोनवर हो आलं.
अंडं उकडायलाही याहून वेळ लागतो.

त्याच्यामागे देओलिंदा फुर्तादो.
सहासष्ट वर्षं, चाकाची बॅग,
आणि छातीशी फडक्यात बांधलेला गोड पाव,
बहिणीसाठी. गुरुवारी झुल्मिराचा गुडघा कापणार आहेत.

यंत्र हिरवं झालं नाही.

भाच्यानं तीनदा अर्ज केला होता म्हणे.
तीनदा इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं.
काउंटरवर बघतील, म्हणाला तो, आणि कामावर गेला.

मी पान उलटलं.
जन्मस्थळ: ऑन्टारिओच्या उत्तरेचं कुठलंसं रेल्वेचं गाव.

हो, ती म्हणाली, वडील रूळ टाकायला गेले होते.
आई दोन हिवाळे टिकली.
मला परत आणलं तेव्हा मी अकरा महिन्यांची.
आठवत काही नाही.
आई सांगायची, दोरीवरचे लंगोट
वाऱ्यानं फळ्यांसारखे वाजायचे.

सिन्योरा, मी म्हणालो,
ही परवानगी पाहुण्यांसाठी असते.
तुम्ही पाहुण्या नाही.

मग कोण?

तिथल्या.

अकरा वर्षं मी इथे उभा आहे.
तुम्ही तिथले नाही, म्हणून लोकांना परत पाठवलंय,
रडणाऱ्यांना, भांडणाऱ्यांना, एकदा एका नवऱ्या मुलाला.
तिथले आहात म्हणून पहिल्यांदाच.
पाहुण्याला चार मिनिटांत पाट,
आणि घरच्याला म्हणायचं,
आधी घरचा असल्याचा कागद आण.
कागदाला महिने लागतात.

जहाजानं गेलात तर ही परवानगी लागत नाही,
बोलून गेलो आणि जीभ चावली.
इथून तिकडे जहाजानं जाणारे शेवटचे
तिचे वडील असतील.

ती भांडली नाही. हिशेब करत राहिली.
म्हणजे शाळेत होते तेव्हाही मी तिथली?
हो.
लोण्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढली, तेव्हाही?
हो.
माझ्या लग्नात?
हो, सिन्योरा.
एर्नानीला कळलं असतं तर हसून लोळला असता,
ती म्हणाली. मग थोड्या वेळानं,
कुणी सांगायचं तरी.

ब्रेमेनचा पोरगा तिथेच रेंगाळत होता,
भाषा कळत नव्हती त्याला, पाव कळला.
तिनं भाच्याच्या चिठ्ठीमागे पत्ता लिहिला.
दुसऱ्याची वस्तू नेऊ नये,
हा फलक बरोबर माझ्या डोक्यावर आहे.
मी स्क्रीनकडे बघत राहिलो.
ते मला चांगलं जमतं.

दोन पन्नासला दार बंद.
वजनाच्या तक्त्यात एक प्रवासी कमी केला,
तेवीस एफ, खिडकीची जागा,
एक बॅग उतरवली, सोळा किलो.
पावासाठी रकाना नव्हता.

खाली कॉफीच्या टेबलाशी ती अजून होती.
पासपोर्ट उघडा, चष्मा कपाळावर,
पान नाकाजवळ धरून
त्या गावाचं नाव जुळवत होती, एकेक अक्षर,
आणि दरवेळी मधेच अडखळून
पुन्हा पहिल्यापासून.