वहीचं मागचं पान

वहीच्या पुढच्या पानांवर फुलांचा हिशेब:
जायांच्या फाती बावन्न, देवळात वीस,
पणजीच्या बसवाल्यांना बारा, दोन उधार.
मागच्या पानावर माझा.
तिथं मी फक्त 'सुट्टी' लिहिते, आणि तारीख.

आमच्या म्हार्दोळात त्या दिवसांत
बायका फुलांना हात लावत नाहीत.
कुणी मला तसं सांगितलं नाही,
कुणी सांगायचं राहिलंही नाही.
नणंद गुंफते, मी पायरीच्या कडेला बसून
लांबून गिऱ्हाइकांना भाव सांगते.

पूर्वी महिन्याला चारच सुट्ट्या.
आषाढात सात झाल्या, श्रावणात नऊ,
आणि जायांचा हंगाम तर श्रावणातच.
चवथीच्या आदल्या आठवड्यात नणंद म्हणाली,
"वैनी, तुजो म्हयनो पंदरा दिसांचो जालो काय कितें?"
ती हसली. मीही हसले.
मग मोरीत जाऊन भिंत धरून उभी राहिले,
जिना चढल्यासारखा दम लागला होता
आणि आमच्या घराला जिना नाही.

शेजारच्या काकींकडे उपाय तयार होते.
उष्णता आहे, सोलांचं पाणी पी.
अशोकाची साल उकळ.
आणि एक्केचाळीस म्हणजे जायचंच वय तिचं,
जाताना ती अशीच घुटमळते,
चपला घालून दारात गप्पा मारणाऱ्या पाहुणीसारखी.
असेलही.
पण ही पाहुणी दर खेपेला
घरातलं एकेक भांडं घेऊन जाते,
त्याचं काय?

नवरा बार्जवरून आला तेव्हा सांगितलं,
बांगडे साफ करता करता, पाठमोरी.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"स्कूटरचं तेल गळलं तर मी गॅरेजात नेतो."
एवढंच.
दुसऱ्या दिवशी त्याने मला फोंड्याच्या इस्पितळात सोडलं
आणि बाहेर उन्हात स्कूटरवरच बसून राहिला.

खिडकीतून हाक आली: सुनंदा म्हार्दोळकर.
डॉक्टर ब्रागांझा बाई, बोटांना शाई लागलेली,
म्हणाल्या, "सांग गे, केन्नासावन?"
मला शब्द सुचेनात. वही उलटी करून पुढे सरकवली.
त्यांनी चष्मा लावला.
माझं मागचं पान पहिल्यांदाच कुणी वाचत होतं.

"तू थांबल्यापासून मोजतेस.
सुरू झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत मोजायचं."
आणि पेन्सिलीने कडेला आकडे लिहीत गेल्या:
एकोणीस, सोळा, अठरा, चौदा.
"आणि या मधल्या दोन तारखा,
ही पाळी असेलच असं नाही. हे नुसतं रक्त."
नुसतं.
मला वाटायचं, माझ्या रक्ताला एकच नाव आहे.

गुठळ्या पडतात? कसल्या गोळ्या चालू? तांबी बसवलीय?
गळ्यावर बोटं ठेवून म्हणाल्या, गीळ.
थायरॉईड असू शकतं.
पिशवीत गाठ, बोराएवढी नाहीतर लिंबाएवढी.
आतल्या अस्तराला फुटलेला एखादा कोंब.
"वय आहेच, पण वयावर बोट सगळ्यात शेवटी ठेवायचं."
मग माझी खालची पापणी ओढून पाहिली
आणि न बोलता लोहाच्या गोळ्या लिहिल्या.

रक्त दिलं. सोनोग्राफी गुरुवारी.
"तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली,
तर गुरुवारची वाट बघू नको. रात्र असली तरी यो."

परतताना त्याने विचारलं नाही.
मीच सांगितलं, त्याच्या पाठीला:
अजून कळलं नाही.
पाठ थोडी हलली. बाणस्तारीच्या पुलावरून नेलं त्याने मला,
उगाच, लांबच्या रस्त्याने.

बुधवारी पहाटे पुन्हा.
वही उलटी धरली, तारीख घातली,
'सुट्टी'तला सु लिहिला आणि खोडला.
लिहिलं: पाळी. दिवस पहिला.
पुढच्या पानावर, नणंदेच्या अक्षरात,
फाती चाळीस.