बुडबुडे

आठ महिने निहार डाव्या गालावर
बुक्की मारून घेत होता.
दुखतंय म्हणायला त्याच्याकडे शब्द नाही.
आम्ही म्हणायचो, हट्ट.

कॉलेज रोडला फाईल उघडली नि लगेच मिटली:
"जन्मतःच हृदयात दोष ना? मोठीकडे न्या, ताई."
शरणपूर रोडला खुर्चीत बसताच
त्याने डॉक्टरांचं बोट चावलं.
तिसऱ्या पायरीवरून मीच मागे फिरले.

दोष हा शब्द मला नवा नाही.
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकवीस वर्षं
नोटांचे ताव तपासतेय.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
दिसली की खूण करायची, बाजूला.
नोट बाजूला काढता येते.

गायधनी डॉक्टर पहिल्या दिवशी फरशीवरच बसले.
आरसा त्याच्या हातात दिला,
स्वतःचा आ वासला, म्हणाले, मोज.
निहारला एकच आकडा येतो.
एक, म्हणाला. एक. एक. एक.
असे तीन गुरुवार.

मग हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे कागद,
द्वारकेपुढचं मोठं हॉस्पिटल, सकाळचा पहिला नंबर.
तासभर आधी औषध,
दाढेतले जंतू हृदयात जाऊन बसू नयेत म्हणून.
सहापर्यंत पाणी पाजाच, म्हणाले,
याचं रक्त आधीच दाट.
नखं नेहमीसारखी,
काळ्या द्राक्षावर धुरकट साय असते तशी.

दारापर्यंत मला येऊ दिलं.
भूल देणाऱ्या पिंगळे मॅडम
सलाईनची नळी उजेडाला धरून
बुडबुडे शोधत होत्या. टिचकी. टिचकी.
मोहरीएवढाही नको,
याच्या हृदयात आडवाट आहे,
थेट मेंदू गाठेल.
पुन्हा नळी वर. डोळे बारीक, मान जराशी तिरकी.
ही मान मला ठाऊक आहे,
आमच्या हॉलमध्ये चाळीस जणींची असते.
फक्त ही कुणाला बाजूला काढायला बसली नव्हती.

मी बाहेर बाकावर चप्पल काढून
पाय वर घेऊन बसले.

चार दाढा, बाटलीत घालून दिल्या.
एकीला तर आरपार भोक.
रात्रभर ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी रिक्षा जेल रोडला वळेपर्यंत
त्याचे दोन्ही हात मांडीवर, उघडे.
घरात शिरल्या शिरल्या आरसा मागितला,
दोन बोटांनी माझा जबडा उघडला.
एक.
एक.
मागची एक केव्हाच गेलीय माझी, याच्या वेळच्या बाळंतपणात.
तिथे बोट ठेवून बराच वेळ थांबला.
मग तिलाही म्हणाला,
एक.