ताटाची डावी बाजू

मार्चमध्ये आबांच्या मेंदूत, उजवीकडे,
मसुरीएवढी रक्ताची गाठ अडकली
आणि ताटाची डावी बाजू नाहीशी झाली.
मीठ न्हाई, म्हणाले. लिंबू न्हाई.
चटणी वाढायची इसरलीस काय गं?
सगळं होतं.
अर्धी भाकरी खाल्ली, सुरीनं रेघ मारल्यासारखी,
उरलेल्या अर्धीसमोर पोट भरलं नाही म्हणत बसून राहिले.

सीपीआरमधले डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत,
बघणारा आत असतो.
मला ठाऊक होतं.
याच एका वाक्यावर मला तीन वर्षं फेलोशिप मिळते.

विद्यापीठात मी कबुतराच्या एका डोळ्यावर
कातड्याची टोपी चढवतो.
(आमच्या गंगावेशीत मुलीसुद्धा चढवतोच म्हणतात,
पुण्याच्या गोगटेबाई अजून हसतात.)
उघड्या डोळ्याला शिकवतो : ही बाजरी, हा खडा.
उजव्याला लवकर उमगतं.
त्याच्या सगळ्या नसा आडव्या पलीकडे जातात,
उजव्याचं डावीकडे, डाव्याचं उजवीकडे,
आणि मध्ये आपल्यासारखा रुंद पूल नाही,
ओढ्यावर टाकलेल्या दोन-चार फळ्या, बस्स.
टोपी बदलली की कधीकधी
पाखरू तेच, वाटी तीच,
आणि पाखरू कोरं.
खड्यावर चोच मारतं, थांबतं, परत मारतं.
एका डोळ्याचं शिकलेलं
दुसऱ्याच्या कानावरसुद्धा नसतं.

ट्यूबलाइट आपल्याला लख्ख दिसते,
त्यांना तिचं विझणं-पेटणं दिसतं, सेकंदात शंभरदा.
हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
मग बंद कर की ती, कशाला तरास देतीस.

पाखरं त्यांच्याच ढाबळीतली. सहा दिली होती,
नावं घेऊन, एकेकाच्या पंखाखाली फुंकर घालून.
चार परत आणली.
दोन पन्हाळ्याच्या अंगाला उडाली, असं सांगितलं.

त्या दोघांचं बघणं काचपट्टीवर आहे.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप,
जांभळ्या रंगात बुडवलेले.
पंधरा थर. मी मोजलेत.
वरच्या थरात नस येऊन टेकते
आणि तिथंच कुठंतरी
ज्योतिबाचा डोंगर आणि आमची गच्ची वेगळी होत असणार,
ससाणा आणि पतंग वेगळे होत असणार.
मला फक्त जांभळं दिसलं.

संध्याकाळी आबांना गच्चीत बसवतो.
शीळ अजून शाबूत आहे.
थवा रंकाळ्यावरून वळतो, एकदम, एका अंगानं,
आणि छत्रीवर, पत्र्यावर, खुर्चीच्या पाठीवर उतरतो.
आबा बोटानं मोजतात.
तेरा, म्हणतात. तेराच?
ओठ थरथरतो.
डाव्या खांद्यावर जर्दा बसलेला असतो,
गालाला चोच घासत.

मान वळवा आबा, म्हणतो मी. आणखी. आणखी थोडी.
चालताना कबुतर मान पुढं टाकतं, थांबवतं,
जग एक क्षण जागच्या जागी धरतं, मग पाय आणतं.
आबा तशीच मान टाकतात.
टप्प्याटप्प्यानं डावीकडे येतात,
पाण्याची टाकी, दोरीवरचा माझा दुपट्टा,
जर्दा! अरं लबाडा, हतंच हाईस व्हय?
चौदा. सतरा. एकवीस. बावीस.

मला वाटलं, संपलं.

चोवीस हुती गं.

पन्हाळ्याकडं उडाली न्हवं का दोन, म्हणतो मी,
आवाज जेवढा साधा ठेवता येतो तेवढा.

गिरेबाज वाट चुकत न्हाई, म्हणतात.
मान तिरकी करून,
एकाच डोळ्यानं बघतात माझ्याकडे.
बराच वेळ.

मी खाली जातो.
भाकरी टाकतो, ताट वाढतो, आईनं शिकवलं तसंच,
मीठ डावीकडे, लिंबू डावीकडे.
मग दोन्ही हातांनी धरून
ताट हळूच अर्धं फिरवून ठेवतो.