पडलो नाही, बसलो

सहमच्या इस्पितळात, पुरुषांच्या कक्षात, खाट अकरा.
पहाटे चारला दोशंबे लघवीसाठी उठला
आणि भिंतीला पाठ घासत
खुंटीवरून सदरा घसरावा तसा खाली आला.

मी धावले. कपाळ गार, ओठ राखेचे.
पाय उचलून उशीवर ठेवले
आणि मोजू लागले, मराठीत,
घाबरल्यावर आकडे मला दुसऱ्या भाषेत येत नाहीत.
चौदाला डोळे उघडले.
अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत म्हणाला:
पडलो नाही, बसलो.

सगळे असंच म्हणतात.
पडलो म्हटलं की खाटेला कठडे चढतात,
संडासापर्यंत सोबत माणूस येतो,
घरी जायची तारीख पुढे सरकते.

मग फॉर्म.
कारण: एकाच चौकटीत खूण करा.
आमच्या बुरोंडीत याला किती नावं.
उन्हात येते ती भोवळ,
उठताना डोळ्यांपुढे येते ती अंधारी,
उपासाची घेरी, वाईट बातमीची झीट,
आणि मूर्च्छा, ती फक्त पोथीतल्यांना येते.
इथे चौकटी पाच. मी चौथीत खूण केली: औषध.
पाणी उतरवायची गोळी सकाळची होती,
ब्लेसीने रात्री दिली.
तिचं नाव लिहायला पेन टेकवलंच होतं,
तेवढ्यात खाट तीनची घंटा वाजली.

दोशंबे म्हणजे सोमवार. त्या दिवशी जन्मला, म्हणून.
आमच्याकडे असता तर सोमा झाला असता
आणि हेच केलं असतं,
वाळूत मांडी घालून जाळी विणली असती.

दुसऱ्या दिवशी छातीला तारा लावल्या.
दुपारी, भाऊ भेटायला आलेला,
खजूर खाता खाता त्याच्या हातातून बी पडली,
मान पडली,
आणि पडद्यावर हिरवी रेघ
सात सेकंद सरळ.
या वेळी तो खरंच बसलेला होता.

कागदाची पट्टी त्याला दाखवली.
डॉक्टर समजावत होते, बॅटरी, मस्कत, छोटी चिरफाड,
तो ऐकत नव्हता.
अंगठा रेघेवरून फिरवत गेला,
टोक, टोक, टोक,
आणि मोकळ्या जागी थांबला.
इथं गाठ सुटलीय, म्हणाला.
मग हळूच: आधीही सुटायची.
होडीत. दोनदा. कुणाला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर
नातवाला माझ्याबरोबर कोण पाठवणार?

मी काही बोलले नाही.
इथे येऊन मला नऊ दिवस झाले होते तेव्हा
औषधांच्या खोलीत कपाटाचं दार सुटलं हातातून,
फरशी गालाला थंड लागली, चांगलीच वाटली.
प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं.
केस नीट केले, ट्रे उचलला,
आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं
ते तयार होतं.

मस्कतची गाडी संध्याकाळी आली.
स्ट्रेचरवर आडवा व्हायला तयार होईना.
वाकून पट्टे आवळले तेव्हा
माझी बाही धरून म्हणाला, बहिणी,
तिथल्यांना नीट लिहून दे.

फॉर्म अजून खणातच होता.
चौथी चौकट खोडली, बाजूला सही केली.
पाचवीत खूण केली: हृदय.
गोळीची वेळ चुकली, तेही लिहिलं,
तेही खरंच होतं.
परिणाम: डावं कोपर खरचटलं.
रुग्णाचे शब्द, या रकान्यात
पहाटेच लिहून ठेवलं होतं
'बसलो'.
ते तसंच राहू दिलं,
खाली तारीख घालून लिहिलं:
पडला. आधीही दोनदा.